आतड्याचा कर्करोग आणि घराण्याचा वारसा

आमच्या मंडळाच्या कोथरूडमधील सभासदांत एक वाक्य अधूनमधून कानी येते. "त्यांच्याकडे पोटाचा आजार चालत आलेला आहे," असे कुणीतरी हळू आवाजात सांगते आणि विषय तिथेच मिटतो. कसला आजार, कुणाला, कितव्या वर्षी, हे कुणी विचारत नाही. घरात लग्नाची मुले-मुली असतील तर मुळीच नाही.

आमचे एक सभासद चाळिशीच्या आत गेले. शौचावाटे रक्त जात होते, वजन उतरत होते. आठ महिने मूळव्याध समजून औषधे चालली. मोठ्या आतड्यात गाठ आहे हे कळले तेव्हा ती यकृतापर्यंत पोचली होती. पुढे आम्ही भेटीस गेलो असता त्यांच्या आईने सांगितले, "माझा भाऊ असाच गेला, आणि माझे वडीलही. दोघे पन्नाशीच्या आत." ही माहिती त्या घरात चाळीस वर्षे होती. डॉक्टरांनी वडिलांच्या बाजूचे विचारले होते, आईच्या बाजूचे कुणी विचारले नाही आणि घरच्यांनाही ते सांगण्यासारखे वाटले नाही. प्रस्तुत लेख त्यामुळे लिहिला आहे.

आपल्या शरीरातील पेशी सतत विभागत असतात. आतड्याचे अस्तर तर दर काही दिवसांनी नवे होते. प्रत्येक विभागणीच्या वेळी पेशीतील डीएनएची, म्हणजे सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या मजकुराची, नक्कल करावी लागते. एवढ्या मजकुरात चुका होणारच. ही स्मरणिका छापताना मुद्रिते तपासणारा असतो, तसा पेशीतही असतो. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ ही चार जनुके हे काम करणारी प्रथिने घडवतात. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. काही माणसे यांपैकी एक प्रत बिघडलेली घेऊनच जन्माला येतात. दुसरी प्रत काम करीत असते, म्हणून वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली की मुद्रिते तपासणारा कुणी उरत नाही. चुका साठत जातात आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. बिघडलेली प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. पाश्चात्त्य देशांतील अंदाजाप्रमाणे दर तीनशे माणसांत साधारण एकाजवळ असा बदल असतो, आणि मोठ्या आतड्याच्या दर शंभर रुग्णांत सुमारे तिघांचा आजार यातून आलेला असतो. शंभरांत तीन म्हणजे थोडे खरे, पण ज्या घरात तो असतो तिथे पिढीमागून पिढी माणसे जातात.

याच बिघाडातून स्त्रियांना गर्भाशयाचा कर्करोगही होतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मामा आतड्याच्या आजाराने गेला आणि मावशी गर्भाशयाच्या, तर आपण ती दोन वेगळी दुःखे समजतो. धागा एकच असू शकतो.

या आजाराचा शोधही एका बाईने आपल्या घराण्याची माहिती सांगितल्यामुळे लागला. १८९५ साली अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर गावी शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, की आमच्या घरात बहुतेक सारे कर्करोगाने जातात आणि मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी ते हसण्यावारी नेले नाही. तिच्या घराण्याची नोंद त्यांनी सुरू केली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. ती स्त्री स्वतः म्हणाली होती तशीच गेली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी हे काम उचलून धरले, आणि २००० साली त्याच घराण्यात एमएसएच२ या जनुकातील बिघाड सापडला. बाईच्या शब्दापासून जनुकापर्यंत पोचायला एकशे पाच वर्षे लागली.

आपल्याकडे वंशावळीची कमतरता नाही. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावर बसून दारी येतो आणि घराण्याची नावे धडाधड म्हणून दाखवतो. पण त्या वंशावळीत बहुधा बापाकडून मुलाकडे जाणारी नावे. आजोळ त्यात नाही, आजार नाही, मृत्यूचे वय नाही. जनुके मात्र आजोळाकडूनही तितकीच येतात.

यापेक्षा विरळ असा एक प्रकार आहे. त्यात एपीसी नावाच्या जनुकातील बिघाडामुळे कोवळ्या वयातच आतड्यात शेकडो मोड येतात आणि शस्त्रक्रिया न केल्यास चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ निश्चित असतो. अशा घरातील मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करतात.

एमयूटीवायएच या जनुकाची गोष्ट आपल्याकडे अधिक विचारात घ्यावी अशी आहे. त्याची एकच प्रत बिघडली तर फारसे काही होत नाही, दोन्ही बिघडल्या तर मोड येतात व पुढे कर्करोग होतो. २००२ साली ब्रिटनमध्ये हे उघडकीस आले, तेव्हा भारतीय वंशाच्या निरनिराळ्या कुटुंबांत एक ठरावीक बदल पुन्हा पुन्हा आढळला. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडील रीत सर्वांना माहीत आहेच. आजी-आजोबांपैकी एकाकडून आलेली तीच बिघडलेली प्रत अशा जोडप्यात दोन्हीकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता वाढते. ही रीत सोडावी असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांची अशी लग्ने झालेली आहेत त्यांनी घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही.

आता राहिले अगदी किरकोळ बदल. २००७ पासून हजारो रुग्ण व निरोगी माणसे यांचा डीएनए ताडून असे बदल शोधले जात आहेत. एक लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून २०५ ठिकाणे नोंदली गेली आहेत. त्यांतील बहुतेक बदल पुष्कळ लोकांत असतात आणि एकेकटा बदल धोका जरासाच वाढवितो. पण तो अभ्यास युरोपीय व पूर्व आशियाई वंशाच्या लोकांचा आहे. त्यावर बेतलेले गुणांकन आपल्या माणसांना तसेच्या तसे लावता येत नाही. घरबसल्या लाळ पाठवा आणि भविष्य जाणा, अशा जाहिराती पाहून पैसे घालविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शिवाय सारे काही वारशावर नसते. उत्तर युरोपातील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासात (२०००) मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील वारशाचा वाटा सुमारे एक तृतीयांश निघाला. आपल्याच राज्यात मुंबईला १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी चालते. बार्शीच्या खेड्यांत या रोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळते. माणसे याच मातीतली. खाणे, बसणे, तंबाखू, दारू, वजन यांत फरक.

मग करायचे काय? आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या यांची नावे कागदावर लिहावीत, आणि कर्करोग कुठला व कितव्या वर्षी झाला हे प्रत्येकापुढे नोंदवावे. पन्नाशीच्या आतील एक रुग्ण किंवा एकाच बाजूचे दोन-तीन रुग्ण दिसले, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. परळच्या टाटा रुग्णालयात व खारघरच्या त्यांच्या केंद्रात या विषयाचे काम चालते. तपासणी शक्यतो आधी रुग्णाची करतात. रुग्ण हयात नसला तरी त्याच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा मिळाल्यास वर सांगितलेल्या चार प्रथिनांपैकी कोणते नाही ते पाहता येते. घराण्यातील नेमका बदल सापडला, म्हणजे मग इतरांची रक्ततपासणी सोपी व खात्रीची होते. तो सापडण्यापूर्वीच निरोगी माणसाचा अहवाल 'काही नाही' असा आला, तर त्यावर विसंबू नये.

बदल सापडलेल्यांनी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायची असते. एरवी मोडाचा कर्करोग व्हायला दहाएक वर्षे लागतात, लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होतो, म्हणून ही घाई. मोड दिसला की त्याच वेळी काढता येतो. अ‍ॅस्पिरिनचाही उपयोग दिसला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, खोटी गोळी घेतलेल्या ४३४ लिंचग्रस्तांपैकी ५८ जणांना, तर अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ४२७ पैकी ४० जणांना आतड्याचा कर्करोग झाला. या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

आरंभी सांगितलेल्या सभासदांच्या गाठीचा तुकडा सुदैवाने जपलेला होता. त्यात एमएसएच२ चे प्रथिन नव्हते. मग आईचे रक्त तपासले. बदल तिच्यात आहे. तिचे वय अडुसष्ट, आणि तिला आजवर कर्करोग झालेला नाही. "माझ्यामुळेच झाले का हो?" असे तिने आम्हांस विचारले. आम्ही म्हणालो, तुमच्या वडिलांमुळे नाही आणि तुमच्यामुळेही नाही, तुम्ही सांगितले म्हणून धाकट्याची तपासणी झाली. धाकट्याच्या आतड्यात दोन मोड निघाले, ते काढले. मामाच्या मुलांना पत्र गेले आहे. ती साताऱ्याकडे असतात. त्यांच्याकडून अजून उत्तर आलेले नाही.