देह खचतो, तेव्हा विवेकाचे काय?

हाताची पकड सुटते, जीभ जड होते, पायांतील बळ ओसरते. मोटर न्यूरॉन डिसीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीचे वर्णन फ्रेंच वैद्य झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६९ मध्ये केले. देह खचला तरी बुद्धी शाबूत राहते, अशी धारणा पुढे दीर्घकाळ राहिली. १९६३ मध्ये हे निदान झालेले स्टीफन हॉकिंग पाच दशकांहून अधिक काळ विश्वाचे गणित मांडत राहिले. त्यामुळे तर ती अधिकच दृढ झाली.

वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत किंवा वर्तनात काही बदल आढळतो; काहींना मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांचा स्मृतिभ्रंश जडतो. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. स्मरण बहुधा टिकते. उधारीची बाकी पैशापर्यंत तोंडपाठ असते. ढळतो तो विवेक. कोणाला किती माल उधार द्यावा, कोठे थांबावे, याचा अंदाज चुकतो. घरच्यांचे दुःख समोर असूनही मनाला भिडत नाही. पेढीवर याला हट्ट म्हणतात, घरात तुसडेपणा.

लोहाचा संबंध येथे येतो. एमआरआयच्या विशिष्ट चित्रणात काही रुग्णांच्या मेंदूतील हालचाल नियंत्रित करणाऱ्या भागावर काळी रेघ उमटते. तेथील मायक्रोग्लिया नामक रक्षक पेशींत लोह साठल्याचे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसले आहे. मेंदूच्या खोल केंद्रांतही ते वाढलेले आढळते. मात्र हे लोह ऱ्हासाचे कारण आहे की केवळ खूण, याचा निवाडा झालेला नाही.

मग ते काढून टाकावे काय? थॅलेसेमियात वापरले जाणारे डेफेरिप्रोन फ्रान्समध्ये यासाठी आजमावले गेले. पण पार्किन्सनच्या ३७२ रुग्णांवरील याच औषधाच्या चाचणीत, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, औषध घेणाऱ्यांची लक्षणे अधिक बिघडली. लोहावाचून मेंदूचेही चालत नाही. तेव्हा ताटातील पालेभाजी टाळणे किंवा डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करणे, हा काही उपाय नव्हे.

निदानानंतर मेंदूविकारतज्ज्ञाकडून विचारशक्तीची चाचणी मात्र अवश्य करून घ्यावी. एडिनबरा येथे खास या रुग्णांसाठी घडवलेल्या चाचणीत उत्तरे बोलून वा लिहून देता येतात. मृत्युपत्र, भागीदारीतील हिस्सा, बँकेतील सहीचा अधिकार यांविषयी रुग्णाची इच्छा तो स्वतः विचारपूर्वक सांगू शकतो, तोवरच विचारून घ्यावी.