रोजचे पंच्याऐंशी किलोमीटर

मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न आमच्याकडे नव्हताच. कोणती घ्यावी, हा होता. आम्ही राहतो पुण्यात आणि हिची बदली झाली राजगुरुनगरला. जाऊन-येऊन रोजचे ८५ किलोमीटर, आणि वाटेत चाकण! ज्या गावी मोटारी तयार होतात त्याच गावी त्या तासन् तास खोळंबतात, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगावयास नको.

घरात एक जुनी गाडी होती. स्वस्तात मिळते म्हणून मीच घेतलेली. एका पावसाळी रात्री ती मोशीजवळ बंद पडली. घरी मुलगी तापाने फणफणलेली, आणि तिची आई अडीच तास रस्त्याच्या कडेला! ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला.

मग मी वही उघडली. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २,१२५ किलोमीटर. छोटी पेट्रोल गाडी अशा गर्दीत लिटरला १७ किलोमीटर जाते असे धरले, तर १२५ लिटर. १०५ रुपये दराने १३,१२५ रुपये. सीएनजीवर किलोला २५ धरले, तर ८५ किलो. ९० रुपयांनी ७,६५०. सीएनजीची गाडी ९५ हजारांनी महाग धरली, तरी दीड वर्षाच्या आत पैसे वसूल! डिझेलचा प्रश्नच नव्हता. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले आणि छोट्या गाड्यांतून ते जवळजवळ हद्दपारच झाले.

मी विजयी मुद्रेने वही पुढे केली. ही म्हणाली, “अहो, पण ती वाटेत बिघडली तर दुरुस्त कोण करणार?”

माझ्या वहीत हे खातेच नव्हते!

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला गाठले. तो म्हणाला, “साहेब, किंमत नंतर विचारा. आधी क्लचप्लेट कितीला पडते आणि कुठे मिळते, ते विचारा. चाकणच्या गर्दीत पहिली तीच जाते.” वर्षाला साडेपंचवीस हजार किलोमीटर, आणि दर दहा हजारांना सर्व्हिसिंग; म्हणजे सर्व्हिस सेंटरही वाटेवरच हवे. शिवाय सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी.

वाचकहो, १९८३ पूर्वी निवड दोन-तीन गाड्यांतच होती आणि नंबर लागायला वर्षे जात. आज गाड्या इतक्या की डोके फिरते. आम्ही एकच कसोटी लावली: तिचे सुटे भाग गावोगावी मिळाले पाहिजेत. काचेचे छप्पर सोडले, मोठा पडदा सोडला. सहा एअरबॅगा मात्र सोडल्या नाहीत.

आता हिची एकच तक्रार आहे. डिकी टाकीने व्यापलेली. त्यामुळे चाकणच्या बाजारातले कांदे मागच्या सीटवर ऐटीत बसून पुण्याला येतात!