ॲड्रेस बारच्या खाली

नोव्हेंबर २०१८च्या शेवटच्या आठवड्यात गुरुग्राम आणि नोएडाच्या पोलिसांनी १६ कॉल सेंटरांवर छापे घातले. जवळपास तीन डझन माणसं पकडली गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात दिल्ली शहरात असे दहा छापे पडले होते. तक्रार मायक्रोसॉफ्टची होती. आपलं नाव सांगून परदेशातल्या लोकांना लुबाडलं जातंय, असं कंपनीचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या पैशांच्या, रात्रपाळीच्या, पोरांनी घेतलेल्या अमेरिकी नावांच्या. मला कुतूहल आहे ते त्याच्याही आधीच्या अर्ध्या मिनिटाचं. कारण या प्रकारच्या फसवणुकीत बऱ्याचदा फोन गुरुग्रामच्या उद्योग विहारातून अमेरिकेतल्या ओहायोला जात नाही. ओहायोतला म्हाताराच आपण होऊन फोन करतो. का करतो?

कारण त्याला वाटतं, आपल्या संगणकानेच तसं सांगितलं.

तो बातम्या वाचत असतो, किंवा पत्ता टाइप करताना त्याच्याकडून एखादं अक्षर चुकतं, किंवा एखाद्या जाहिरातीवर क्लिक होतं. अचानक पडदाभर निळा रंग, मायक्रोसॉफ्टचं चौकोनी चिन्ह, कर्कश आवाजात इशारा: तुमच्या संगणकात व्हायरस आहे, संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा. खिडकी बंद होत नाही. वास्तविक संगणकाला काहीही झालेलं नसतं. ते एक साधं वेब पान असतं. पलीकडचा ‘तंत्रज्ञ’ मग रिमोटने संगणकात शिरतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा पुरावा म्हणून दाखवतो. त्या खुणा कुठल्याही धडधाकट संगणकात शेकड्यांनी असतात. पण हे सगळं पुढचं. माणूस तोवर घाबरलेला असतो, आणि घाबरवण्याचं काम त्या पानाने केलेलं असतं.

ब्राउझरच्या खिडकीत दोन मालक नांदतात. वरच्या पट्टीत टॅब आणि ॲड्रेस बार असतात, ती जागा ब्राउझरची. खालचा सगळा आयत परक्या वेबसाइटचा. तिने तिथे वाटेल ते काढावं. एरिक लॉरेन्स या ब्राउझर-अभियंत्याने २०१७मध्ये या दोहोंमधल्या सीमेला ‘लाइन ऑफ डेथ’ म्हटलं. रेघेच्या वरचं खरं, खालच्यावर विश्वास ठेवू नये. अडचण अशी की ही रेघ अभियंत्याला दिसते, वापरणाऱ्याला नाही. जुन्या संगीत नाटकातल्या पडद्यावर राजवाड्याचा दरवाजा रंगवलेला असे, तसा आयताच्या आत दुसरा ब्राउझर रंगवता येतो: त्याला स्वतःचा ॲड्रेस बार, स्वतःचं कुलूप, स्वतःचं ‘बंद करा’ बटण.

हे काही नवं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले एडवर्ड फेल्टन आणि सहकारी १९९६-९७मध्येच दाखवून गेले होते की जावास्क्रिप्टच्या मदतीने ब्राउझरची पत्त्याची ओळसुद्धा खोटी रंगवता येते. २००६मध्ये रचना धामिजा, टायगर आणि मार्टी हर्स्ट यांनी २२ जणांसमोर खऱ्या-खोट्या वेबसाइटी ठेवल्या. सगळ्यात सरस खोटी साइट ९० टक्के लोकांना खरी वाटली. ती ‘बँक ऑफ द वेस्ट’ची नक्कल होती. पत्त्यात डब्ल्यूच्या जागी दोन व्ही शेजारी शेजारी बसवले होते, इतकंच. जवळपास चौथा हिस्सा लोकांनी ॲड्रेस बारकडे पाहिलंच नाही. ते पान दिसायला कसं आहे यावरून निवाडा करत होते. त्यांना बावळट म्हणण्यात अर्थ नाही. पान वाचायला आलेला माणूस पान वाचतो.

गुरुग्रामच्या धंद्याने याच्या पुढचं पाऊल टाकलं. रेघ खोटी काढण्यापेक्षा ती घालवलेलीच बरी. व्हिडिओ पडदाभर पाहता यावा म्हणून ब्राउझरांनी वेबसाइटला फुल स्क्रीनची मुभा दिली होती. एक क्लिक मिळाला की वरची पट्टी गायब. ‘बाहेर पडायला एस्केप दाबा’ अशी सूचना काही क्षण येते आणि जाते. भडक रंगांच्या गर्दीत ती कोण वाचतो? मग कीबोर्ड अडवून धरण्याची सोय आली. ती खेळांसाठी होती, फसवणाऱ्यांनीही वापरली. अशा वेळी एस्केप नुसतं दाबून चालत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. हे किती जणांना ठाऊक आहे, आपल्या घरातच विचारून पाहा. २०१८मध्ये तर कर्सरच खोटा निघाला. पानाने माउसच्या बाणाचं चित्र बदललं, त्यामुळे बाण दिसायचा एका जागी आणि क्लिक व्हायचा दुसरीकडे. माणूस फुलीवर नेम धरून दहा वेळा दाबतोय आणि खिडकी ढिम्म!

फायरफॉक्सची कथा आणखी खटकणारी आहे. पासवर्ड विचारणारी चौकट पुन्हा पुन्हा उघडून ब्राउझर अडकवून ठेवता येतो, ही तक्रार २००७मध्ये नोंदली गेली होती. ठोस उपाय आला २०१९मध्ये. मधली बारा वर्षं फसवणाऱ्यांनी ती भोक पडलेली जागा मनसोक्त वापरली.

अशा दोषांना कमी लेखण्याची सवय या क्षेत्रात मुरलेली आहे. क्रोमच्या मोजपट्टीत ॲड्रेस बारमधलं नाव पूर्णपणे खोटं दाखवता आलं तर तो दोष गंभीर. पण सूचना झाकली जाणं, चौकट भलत्या जागी येणं, फुल स्क्रीनची इशारत उशिरा दिसणं हे बहुधा मध्यम नाहीतर किरकोळ. यंत्र शाबूत आहे ना, मग झालं. दिल्लीतल्या लोधी रोडवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधून २००४पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी संस्था ब्राउझरांच्या दोषांवर इशारे काढत असते. त्यांतही ‘स्पूफिंग’ (म्हणजे खोटं रूप दाखवणं) हा शब्द परिणामांच्या यादीत कुठेतरी असतो, आणि उपाय एकच: अपडेट करा. सल्ला चुकीचा नाही. पण लोधी रोडवरून निघालेला हा इशारा आणि तासाभराच्या अंतरावरचा नोएडाचा धंदा एकाच गोष्टीबद्दल बोलतायत, हे त्या भाषेतून कळत नाही.

फसणारे फक्त परदेशीच, असंही राहिलेलं नाही. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाला जाहीर सूचना काढावी लागली. न्यायालयाच्या नावाची हुबेहूब साइट कुणीतरी उभी केली होती आणि लोकांकडून बँकेची माहिती मागितली जात होती. जानेवारी २०२५मध्ये पुन्हा तशीच सूचना. २०२३मधल्या खोट्या पत्त्याची रचना पाहण्यासारखी होती: आधी ‘सीबीआयएनएस’, मग ‘एससीआयजीव्ही’, मग डॉट कॉम. डावीकडे सीबीआयची चाहूल, मध्ये सुप्रीम कोर्टाची आद्याक्षरं, ‘गव्ह’चा भास होईल असं शेपूट. आपण मजकूर डावीकडून वाचतो. वेब पत्त्यातला मालक मात्र उजव्या टोकाकडून शोधावा लागतो. डॉट कॉमच्या लगतचं नाव खरं, त्याच्या डावीकडे मालकाने हवं ते लिहावं. खऱ्या न्यायालयाचा पत्ता डॉट गव्ह डॉट इनने संपतो, आणि तो शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. गूगलने २०२०मध्ये क्रोममध्ये फक्त मालकाचं नाव दाखवून बाकी पत्ता लपवण्याचा प्रयोग केला. लोकांचं वागणं त्यामुळे सुधारलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी तो गुंडाळला.

पत्ते आपल्या लिपीत आले तर? दिल्लीच्या निक्सी या संस्थेने ऑगस्ट २०१४मध्ये ‘डॉट भारत’ सुरू केलं, देवनागरीत, आणि त्यात मराठीही होती. भारतीय लिप्यांतल्या पत्त्यांच्या नियमांवर पुण्याच्या सी-डॅकमध्ये बरंच काम झालं. ते किती किचकट असेल याची कल्पना मराठी माणसाला पटकन येईल. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतं आणि ‘अ’वर अर्धचंद्र चढवूनही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, त्यातल्या एकीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. एप्रिल २०१७मध्ये शुडाँग झेंग या तरुणाने निव्वळ सिरिलिक अक्षरांतून ‘ॲपल’ उभं करून क्रोम आणि फायरफॉक्सला चकवलं, तेव्हा क्रोमने अशी संशयास्पद नावं ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात दाखवायला सुरुवात केली. पण दोन लिप्यांची सरमिसळ पकडणारी तपासणी एकाच देवनागरीतल्या जुळ्यांपुढे निरुपयोगी आहे. तिथे नोंदणी करणाऱ्यानेच दुसरं रूप अडवायला हवं.

रिझर्व्ह बँकेने तोच मार्ग धरला. ७ फेब्रुवारी २०२५ला तिने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ जाहीर केलं. नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे, आणि बँकांना मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ची. मला हा निर्णय पटतो, कारण पारख करण्याचं ओझं ग्राहकाच्या डोळ्यांवरून थोडं तरी उतरतं. दिसण्याला भुलत नाही ते यंत्र. पासवर्ड मॅनेजर पान किती हुबेहूब आहे हे बघतच नाही. डोमेन अक्षर न् अक्षर जुळलं नाही तर पासवर्ड भरत नाही. तरी पडदाभर पसरलेल्या निळ्या पानापुढे हेही लंगडं पडतं, कारण ते पान पासवर्ड मागतच नाही. ते फोन करायला सांगतं. मायक्रोसॉफ्ट आपल्या खऱ्या इशाऱ्यांत कधीच फोन क्रमांक देत नाही. सगळ्या लेखात पाठ करावं असं काही असेल तर हे.

जुलै २०२५मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-५’खाली नोएडात तीन ठिकाणी झडती घेतली. त्यातली एक जागा विशेष आर्थिक क्षेत्रातली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना मायक्रोसॉफ्टच्या नावाने गाठलं जात होतं. म्हणजे २०१८नंतर सात वर्षांनीही धंदा तोच, नाव तेच.

त्याच वर्षी ब्राउझरांनी पानाकडे स्वतः बघायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये एक मॉडेल पडदाभर पसरलेलं पान तपासतं आणि ते फसवणुकीच्या नमुन्यांशी जुळलं तर फुल स्क्रीनमधून बाहेर काढतं. क्रोमने मे २०२५मध्ये जेमिनी नॅनो हे मॉडेल कामाला लावलं. एखादं पान कीबोर्ड अडवू लागलं की त्याचा हेतू तपासला जातो. काळ्या याद्यांवर भागत नव्हतं, कारण गूगलच्याच सांगण्यानुसार अशी साइट सरासरी दहा मिनिटंही टिकत नाही. मात्र क्रोमची ही राखण सुरुवातीला मिळाली ती सेटिंग्जमध्ये जाऊन ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवडलेल्यांना, आणि एजमधली सोयही आधी स्वतःच चालू करावी लागे. एफबीआयच्या २०२३च्या अहवालात टेक सपोर्ट आणि सरकारी बतावणीच्या फसवणुकीतलं ५८ टक्के नुकसान साठीपुढच्या लोकांचं होतं. सेटिंग्जच्या तिसऱ्या पानापर्यंत जाणारे ते लोक नव्हेत.