कोयत्याचा हिशेब आणि फडावरची मुले

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. या कामात मजुरीचा हिशेब माणशी नसतो, कोयत्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. पैसे टनावर मिळतात. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेल्या वाढीनुसार तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला.

पहाटेपासून राबणारे जोडपे दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून मोळ्या बांधते. म्हणजे दोघांचे मिळून सातशे-सव्वासातशे रुपये. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण ही रक्कम रोज हातात पडत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात संपलेली असते. लाखभर रुपयांची उचल फेडायची तर पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तरी साडेचार महिने झाले, तेही एकही खाडा न होता; आणि हंगामच अनेकदा तेवढा चालत नाही. शिवाय पोटापाण्यासाठी मिळणारी खर्ची उचलीतच धरली जाते. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले. कुटुंब गरीब आहे ते काम नाही म्हणून नव्हे, काम करूनच.

गावी सांभाळायला कोणी नसले की मुले फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावर, येतात. सहा-सात वर्षांची मुलगी कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते. थोडी मोठी मुले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात, मोळ्या बांधू लागतात. वाढे चारा म्हणून विकून आलेल्या पैशांवर घराचा किरकोळ खर्च भागतो. कागदावर मात्र मजूर दोनच, त्यामुळे हे बालश्रम कुठल्याच नोंदीत येत नाही. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच महिन्यांत असते. एक-दोन वर्षे असे झाले की मूल वर्गात मागे पडते, मग शाळाच सुटते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. किशोरवयीन मुलीला गावी एकटी ठेवणे धोक्याचे वाटते, आणि पूर्ण कोयत्याला जोडपे लागते. लवकर लग्न लावण्यामागे ही दोन्ही कारणे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते.

उपाय अनेक झाले. कारखान्यांजवळ मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आली. वसतिगृहात राहिलेल्या मुलाची शाळा टिकते, हे खरे. पण अगदी लहान मुले आईबरोबर फडावरच राहतात आणि घरावरची उचलही तशीच राहते. म्हणून दराच्या पुढच्या करारात टनाच्या भावापलीकडे जाऊन स्त्रीची मजुरी तिच्या नावाने देणे, उचलीचा लेखी हिशेब आणि फडाजवळ पाळणाघर या तीन गोष्टी आल्या पाहिजेत.