वर्गणी बायांची, मत पुरुषांचे

इंग्लंडमध्ये बायांना मताचा हक्क कसा मिळाला, हा विषय निघाला की पँकहर्स्ट मायलेकींचे नाव हटकून येते. त्यांचा तुरुंगवास, त्यांची उपोषणे खरीच. पण त्याच्या आधी लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बाया या मागणीसाठी उभ्या राहिल्या होत्या. त्यांची ओळख आमच्या भगिनींना व्हावी, असे आम्हाला वाटते.

सेलिना कूपर त्यांच्यातलीच. जन्म १८६४ चा. लहानपणीच ती गिरणीला लागली. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस शाळा. तेराव्या वर्षी शाळाही सुटली. खात्यात मागांचा एवढा खडखडाट, की बाया एकमेकींचे ओठ वाचून बोलत. ज्यांच्या घरातले कुणी गिरणीत होते त्यांना हे वेगळे सांगायला नको.

नेल्सन गावच्या युनियनमध्ये सभासद जास्त बायाच, कारभारी मात्र पुरुष. गिरणीत बायांसाठी धड संडास असावेत, अंगचटीला येणाऱ्यांना आवर घालावा, हे प्रश्न युनियनने घ्यावेत म्हणून सेलिना भांडली. पगारवाढीपुढे असले विषय कारभाऱ्यांना किरकोळ वाटत. आपल्याकडच्या युनियनवाल्यांनीही हे मनाला विचारून पाहावे.

१ मे १९०० ला ब्लॅकबर्नच्या उघड्या मैदानावर सभा झाली आणि सह्यांची मोहीम निघाली. एस्थर रोपर आणि ईव्हा गोर-बूथ या पुढे होत्या. सह्या गिरणीच्या फाटकावर घ्यायच्या, संध्याकाळी घरोघर जायचे. सेलिनाची मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती, तरी तिने शेकडो सह्या जमवल्या. एकूण २९,३५९ सह्या झाल्या. १९०१ मध्ये १५ कामगार बाया ते भेंडोळे घेऊन लंडनला पार्लमेंटवर गेल्या. हाती काही लागले नाही. त्याच साली सेलिना बर्न्लीच्या गरीब मदत मंडळावर निवडून आली. पार्लमेंटसाठी मात्र तिला मत नव्हते.

१९०२ मध्ये क्लिदरोहून कामगारांचे डेव्हिड शॅकल्टन बिनविरोध खासदार झाले. खासदाराला तेव्हा सरकारी पगार नसे. तो खर्च युनियनच्या वर्गणीतून निघे आणि वर्गणी भरणाऱ्यांत बाया जास्त! पैसा चालतो, मत चालत नाही, हा कुठला हिशेब? नेल्सनच्या बायांनी शॅकल्टनसाहेबांना हेच विचारले.

१९१८ चा कायदा आला, पण वयाची अट ३० वर्षे आणि वर घराची-मालमत्तेची अट. मागावर उभ्या असलेल्या विशीतल्या पोरी बाहेरच राहिल्या. त्यांना २१ व्या वर्षी, पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ साली.