पिल्लाला आधी परत यायला शिकवा



गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, शेळ्यांचा विमा हे विषय असतातच. पण हिवाळा लागला की आणखी एक प्रश्न निघतो. पावसाळा सरल्यावर गावोगाव कुत्र्यांना पिल्लं होतात, घरातलं एखादं लेकरू त्यातलं एक उचलून आणतं आणि मग बाया विचारतात, "ताई, पिल्लू आणलंय, आता त्याला कामाला कसं लावायचं?" परवा एकीनं वेगळंच विचारलं. तिच्या मुलानं मोबाईलवर पाहिलं होतं, की परदेशात शिकारीचं कुत्रं पाण्यात उडी मारून पडलेलं बदक तोंडात धरून मालकाला आणून देतं. "आपलं पिल्लू असं शिकेल का?" आज त्याच प्रश्नापासून सुरू करू.

मुलानं पाहिलं ते कुत्रं रिट्रीव्हर जातीचं. रिट्रीव्हर म्हणजे उचलून आणणारा. लॅब्राडोर हा त्यातलाच. ही कुत्री स्वतः शिकार करत नाहीत. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी शोधायचा आणि दात न लावता आणून द्यायचा, एवढं त्यांचं काम. आणि त्यांना शिकवणारी माणसं पिल्लाला लगेच बंदुकीजवळ नेत नाहीत. पहिले कित्येक महिने फक्त नाव ओळखणं, हाक मारली की येणं, बसणं, थांबणं आणि फेकलेली कापडाची गुंडाळी आणून देणं, एवढंच चालतं.

आपल्या महाराष्ट्रात लॅब्राडोरनं नाव कमावलं ते पोलीस खात्यात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी 'जंजीर' नावाच्या लॅब्राडोरनं वास घेऊन तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं होतं. त्याचं शिक्षणही हाकेला येण्यापासूनच सुरू झालं असणार. कारण जे कुत्रं हाकेला येत नाही, त्याला पुढचं काहीच शिकवता येत नाही.

आता आपल्याकडचं बोलू. शिकारीचं म्हणाल, तर ते डोक्यातून काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पाठलाग करणं, फासे लावणं, विष घालणं, हाकून नेणं, हे सगळं त्यात येतं. आपल्या जालना जिल्ह्यात माळावर काळवीट दिसतं. त्याला या कायद्यात सगळ्यात वरचं संरक्षण आहे आणि त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे. ससा आणि तितरसुद्धा कायद्याखाली येतात. पोरं गंमत म्हणून सशामागं कुत्रं सोडतात, तो गुन्हा आहे. रोही किंवा रानडुकरांनी पीक खाल्लं, लांडग्यानं शेळी नेली, तर त्याच दिवशी वन विभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई त्या वाटेनं मिळते.

मग पिल्लाचं काम काय? शेळ्यांची राखण करायची, रात्री वस्तीवर कुणी आलं तर भुंकून जागं करायचं आणि आपण हाक मारली की आहे तिथून परत यायचं. तिसरं काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं आहे. पळणाऱ्या वस्तूमागं धावायला कुत्र्याला कुणी शिकवावं लागत नाही, ते जन्मतः येतं. परत यायला मात्र आपणच शिकवावं लागतं.

पिल्लू कोणतं घ्यावं?

आपल्या मराठी मुलखात शिकारी कुत्र्यांची जुनी परंपरा आहे. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. सीमेपलीकडं बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान होतं, तिथल्या मुधोळ हाउंडला तर भारतीय सैन्यानंही प्रशिक्षणासाठी घेतलं. ही उंच, सडपातळ कुत्री लांबवर बघतात आणि वाऱ्यासारखी पळतात. पण हेच लक्षात घ्या. ज्याच्या रक्तात पाठलाग जास्त, त्याला करडांमध्ये शांत बसवायला कष्टही जास्त. लॅब्राडोर स्वभावानं गरीब असतो, पण अंगावर दाट केस असल्यानं आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा त्याला सोसत नाही. म्हणून शेळ्यांच्या राखणीसाठी आपलं गावरान पिल्लूच बरं. ऊन सोसतं, भाकरीवर राहतं, आणि आईबाप गावातलेच असल्यानं त्यांचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. आई शेळ्यांमागं लागणारी असेल तर तिचं पिल्लू घेऊ नका.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्या. महिन्याभरात उचललेलं पिल्लू जोरात चावतं. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे ते आई आणि भावंडांमध्येच शिकत असतं.

पहिले तीन महिने

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला कायमचं ओळखीचं होतं. पुढं त्याच गोष्टीची भीती वाटली तर ती घालवणं फार कठीण जातं. म्हणून या दिवसांत त्याला सगळं दाखवा. शेळ्या, कोंबड्या, लहान मुलं, काठी घेतलेले म्हातारबाबा, ट्रॅक्टर, पडणारी भांडी, पाण्याची मोटर. आवाज आधी लांबून, मग हळूहळू जवळून. लसी पूर्ण होईपर्यंत मात्र गावातल्या मोकाट कुत्र्यांत सोडू नका.

रोज पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन धडे पुरे. त्यापेक्षा जास्त वेळ पिल्लाचं लक्ष लागत नाही. धडा जेवणाआधी घ्या, म्हणजे भाकरीच्या तुकड्याला किंमत राहते.

धडा पहिला : हाक

सगळ्या घरानं मिळून एकच शब्द ठरवा. एकीनं "ये" म्हणायचं, दुसऱ्यानं "इकडं" आणि तिसऱ्यानं शिट्टी वाजवायची, असं केलं तर पिल्लू गोंधळतं. पहिल्या दिवशी दोन हातांवरून हाक मारा. आलं की लगेच तुकडा द्या आणि अंग चोळा. जमलं की अंतर वाढवा. आधी ओसरीतून अंगणात, मग अंगणातून गोठ्यापर्यंत. नंतर घरातली दोन माणसं समोरासमोर बसून आळीपाळीनं हाक मारू शकतात. पोरांना हा खेळ फार आवडतो.

एक नियम पक्का ठेवा. हाक मारून बोलावलं आणि मग मारलं, असं कधीही करू नका. चप्पल कुरतडली, भाकरी पळवली, काहीही असो. आल्यावर मार बसतो हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी ते लांबूनच बघत उभं राहील. तसंच, हाक फक्त बांधण्यासाठी मारू नका. दहा वेळा बोलावून नऊ वेळा पुन्हा मोकळं सोडा.

धडा दुसरा : सोड

मोबाईलमधल्या कुत्र्याची गंमत इथं कामाला येते. जुन्या लुगड्याची गुंडाळी करून चार हात फेका. पिल्लू उचलेल आणि पळून जाऊ लागेल. त्याच्यामागं धावू नका, नाहीतर त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. आपण उलट दिशेनं चालू लागा आणि हाक मारा. ते आलं की नाकासमोर भाकरी धरून "सोड" म्हणा. गुंडाळी सोडली की भाकरी द्या आणि गुंडाळीही परत द्या. तोंडातून ओढून काढू नका. ओढलं की ते आणखी घट्ट धरतं.

हा धडा पुढं जीव वाचवतो. शेताच्या कडेला रानडुकरासाठी कुणी विष ठेवलेलं असतं, कुठं गावठी बॉम्ब खाण्यात गुंडाळलेला असतो, कुठं उंदराच्या औषधानं मेलेला उंदीर पडलेला असतो. "सोड" म्हटल्यावर मागं सरणारं पिल्लू वाचतं.

धडा तिसरा : मागं लागायचं नाही

चार महिन्यांपुढं पिल्लू कोंबड्यांमागं, करडांमागं धावू लागतं. घरचे हसतात, "बघा, कसा शूर आहे." इथंच बिघडतं. आज खेळात कान धरणारं पिल्लू वर्षभरात करडू फाडतं. मग ज्या शेळ्यांवर आपण गटाचं कर्ज फेडतो त्या जातात, आणि कुत्र्यालाही कुणीतरी लांब नेऊन सोडून येतं. नुकसान दोन्हीकडून आपलंच होतं.

म्हणून या वयात शेळ्यांजवळ नेताना पट्ट्याला पंधरा-वीस फुटांचं हलकं दावं बांधा. एका धनगर आजींनी मला खूण सांगितली : पिल्लू धावायच्या आधी थांबतं, कान ताठ होतात, नजर एका जागी खिळते. हाक मारायची वेळ तीच. धावत सुटल्यावर हाकेचा उपयोग नसतो. हाकेसरशी मान वळली की लगेच तुकडा द्या. वळली नाही तर दावं धरून शांतपणे लांब न्या आणि जास्त अंतरावरून पुन्हा सुरू करा. हिसका देऊ नका, ओरडू नका.

राखणीच्या पिल्लाला रात्री शेळ्यांच्या शेजारीच झोपवा, मध्ये जाळी किंवा तट्टी ठेवा. वास एक झाला की कळप आपला वाटू लागतो. दिवसा एखाद्या शांत, मोठ्या शेळीबरोबर आपल्या नजरेसमोर ठेवा. ती शिंगानं ढकलून त्याला रीत शिकवते. नुकत्याच व्यालेल्या शेळीजवळ मात्र नेऊ नका. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत करडांजवळ एकटं सोडू नका, कितीही गुणी असलं तरी.

काय करू नये

तिखट खाऊ घातलं की कुत्रं तापट होतं, असं काही लोक म्हणतात. त्यानं फक्त पोट बिघडतं. कान-शेपूट कापू नका. काठीनं मारू नका, मार खाल्लेलं कुत्रं घाबरून आधी घरातल्या लेकरालाच चावतं. आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवू नका. साखळीवरच्या कुत्र्याला फिरवायचं नाही, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

खाणं आणि लसी

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, सहा महिन्यांनंतर दोनदा पुरे. भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून, जमेल तेव्हा उकडलेलं अंडं. नुसत्या दुधावर ठेवलं तर हगवण लागते. कांदा आणि शिजवलेली हाडं देऊ नका.

शेळी कापल्यावर फुफ्फुस-काळीज कच्चं कुत्र्यापुढं टाकण्याची सवय मोडा. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात चपटे जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि आपल्या हातावाटे पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तशाच गाठी होतात. लहान पिल्लाला जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर डॉक्टर सांगतील तसं. दीड-दोन महिन्यांपासून पार्वो वगैरे रोगांच्या लसी सुरू होतात. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि मग दरवर्षी.

घरचं पिल्लू असलं तरी त्याचा दात लागला किंवा रक्त निघेल असा ओरखडा आला, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, तिथं लस मोफत मिळते. सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

गटानं करायचं काम

एकटीनं पिल्लू घेऊन तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गावात कुणाकडं किती कुत्री आहेत त्याची यादी करा, पशुवैद्यकीय दवाखान्याला गटाच्या नावानं अर्ज द्या आणि लसीकरणाचा एक दिवस मागून घ्या. दहा-वीस कुत्री एकाच दिवशी होत असतील तर डॉक्टरही गावात यायला तयार होतात. तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी आठवण राहील.

आणि ज्यांच्या घरी पिल्लू आलंय त्यांनी आजच संध्याकाळी सगळ्यांना बसवून हाकेचा शब्द ठरवा. बहुतेक घरांत त्याला खाऊ घालणारी बाईच असते, आणि पिल्लू आधी ऐकतं ते खाऊ घालणाऱ्याचंच. हे शिक्षण आपल्याच हातात आहे.

शेळ्या सांभाळा, स्वतःला सांभाळा.