चाकामागे बसण्यापूर्वी

चाळिशी ओलांडलेल्या चालकांच्या नमुना १-अ वर मी वर्षानुवर्षे सह्या केल्या. स्वतःच्या इन्सुलिनचा मात्र विसर पडला. एकदा दुपारचे जेवण चुकवून निपाणीहून बेळगावी परतताना तवंदी घाटात हातांना कंप सुटला, दरदरून घाम आला. गाडी कडेला घेऊन साखर खाल्ली, म्हणून वाचलो.

तेव्हापासून निघण्यापूर्वी मी रक्तशर्करा तपासतो. डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅमहून कमी असल्यास आधी खातो. ७० खाली गेल्यास साखर खाऊन, ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबतो. मधुमेह हा गुन्हा नव्हे. परंतु आजारामुळे इतरांना धोका आहे हे ठाऊक असूनही वाहन चालविणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८६ अन्वये दंडनीय आहे.

डॉक्टर बंधुभगिनींनो, सही करण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : खिशात साखर आहे ना?